सुपात वाळत घातलेले छर्रे

सायकलीचे छर्रे सुपात वाळत घालू नयेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? माझ्याआधी तसं कुणी केलंच नव्हतं. आमच्याकडं धुतलेली वस्तू सुपात पसरून उन्हाला ठेवायची रीत. मिरच्या, डाळ, चिंचोके, काहीही. मी छर्रे धुतले आणि हात आपसूक सुपाकडं गेला. पुढच्या दोन तासांत जे झालं, त्याची लाज आज नांदेडला खुर्चीत बसून लिहितानासुद्धा वाटते.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नवे साहेब आले, नव्या जीपा आल्या. पाऊस तेवढा आला नाही. आम्ही गावाच्या कडेला दोन खोल्यांत राहत होतो. वडील नांदेडला रेल्वेच्या गँगवर, महिन्यातून एकदा यायचे. घरात आई, माझी थोरली बहीण अक्का आणि मी. मी आयटीआयला फिटरच्या ट्रेडला जाऊन आठ महिने झाले होते. फिटर व्हायला तेवढे पुरत नाहीत, पण स्वतःला फिटर समजायला पुरून उरतात.

अक्का नर्स होती. आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यात तिचं उपकेंद्र. नोकरी हंगामी, दर सहा महिन्यांनी नवी ऑर्डर. या नोकरीपायी तिनं एक चांगलं चालून आलेलं स्थळ परत पाठवलं होतं, कारण पोराकडचे म्हणाले होते, ‘लग्नानंतर सुया टोचत फिरायचं न्हाई.’ त्यामुळं ती नोकरी म्हणजे आमच्या घरात नुसती नोकरी नव्हती. आणि नव्या साहेबांनी त्याच महिन्यात दोन नर्सबायांना घरी बसवलं होतं; भेटीला गेले तेव्हा त्या जागेवर नव्हत्या, एवढंच कारण. आता सोमवारी सकाळी साडेसातला अक्काच्या खेड्यातल्या विहिरीत टँकर खाली होणार होता, आणि साहेब स्वतः उभे राहणार होते. विहिरीत औषधाची पावडर अक्कानं टाकायची. पहिली एसटी पोचायची साडेनवाला. म्हणजे सगळा भार सायकलीवर.

सायकल लेडीज, जुनी. वडिलांनी नांदेडला एका बाईंकडून घेतलेली आणि एसटीच्या टपावर टाकून आणलेली. गेले काही महिने ती दर पायडलला वाजायची. कट. कट. कट. अलीकडं तर पायडल डुगडुगायला लागलं होतं. रविवारी दुपारी मी जाहीर केलं, “अक्का, आज बीबी खोलतो.”

दोन पायडलांच्या मधोमध, सायकलीच्या पोटात, एक आडवा दांडा फिरतो. त्याच्या दोन्ही टोकांना वाट्या, आणि वाट्यांत छर्रे, म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्या. दुकानदार या सगळ्याला मिळून बीबी म्हणतात. दिवाळीतही मीच ती खोलून ग्रीस भरलं होतं, त्यामुळं मला अनुभव होता.

अक्का घागरी घेऊन नळाच्या लाइनीत उभी राहायला निघाली होती. दारात थांबून तिनं विचारलं, “मेस्त्रीकडं टाकू का त्यापरीस?”

“मेस्त्रीला काय येतं?” मी म्हणालो. “त्याला वर्नियर कॅलिपर माहीत हाय का?”

ती काही न बोलता गेली. त्या न बोलण्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं.

सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी. पायडलांचे दांडे धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना हातोडीनं ठोकून काढल्या. एक निघताना वाकली; तिलाच दगडावर ठेवून सरळ केली. डावीकडची वाटी छिन्नीनं फिरवत फिरवत सोडवली आणि काळ्या लगद्यात माखलेले छर्रे मुठीत घेतले. स्टोमधलं थोडं रॉकेल आईची नजर चुकवून करवंटीत ओतलं, त्यात छर्रे घोळले, चिंधीनं पुसले. मोत्यासारखे चमकायला लागले. आणि मग ते सूप. उंबऱ्याबाहेर उन्हात पसरून ठेवलं. आई पलीकडं राखेनं तेलाची बाटली धूत होती, खळ् खळ् खळ्. दुष्काळात भांड्यांनाही राखच. पाणी फक्त शेवटचा हात फिरवायला.

ग्रीस संपलं होतं म्हणून मी कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात गेलो. दुकानदार वयस्क माणूस, पान खाऊन बोलणारा. त्यानं कागदाच्या तुकड्यावर बोटभर ग्रीस दिलं आणि विचारलं, “मोजले का?”

“काय?”

“छर्रे, फिटरसाहेब. काढताना मोजावं लागतेत.”

“एका बाजूला अकरा, दोन्हीकडं मिळून बावीस,” मी ठणकावून सांगितलं. “मोजायचं काय त्यात? माहीतच हाय.”

“हाव,” तो म्हणाला, आणि पिंक टाकली.

परतायला तास लागला, कारण वाटेत दोन मित्रांना बीबीचं शास्त्र समजावून सांगावं लागलं. घरी आलो. सायकल उलटी, तशीच. उंबऱ्याबाहेर सूप नव्हतं. सूप आत खुंटीला टांगलेलं होतं. रिकामं. झाडून ठेवलेलं.

मी त्या सुपाकडं बघतच राहिलो. ग्रीसचा कागद उंबऱ्यावर ठेवला.

“माय, सुपात होतं ते?”

आई दुसरी बाटली धूत होती. “सुपात काय होतं? ज्वारी घेतली म्या त्यात. तीन सुपं भरली, डब्यात टाकली, गिरणीत ठिवून आले. लाइट पाचला जायची, लई लाइन हाय.”

“आधी त्यात काय दिसलं न्हाई का?”

“उन्हातून आत गेलं की मला भिंत दिसंना, तू सुपातलं इचारून राहिला?”

खरंच होतं. ती उन्हातलं सूप उचलून अंधाऱ्या खोलीत पोत्यापाशी गेली होती आणि छर्ऱ्यांवरच ज्वारी ओतली होती. पोलादाचे बावीस छर्रे, आमच्या ज्वारीत, डब्यात, गिरणीच्या लाइनीत. आसपासच्या तीन वस्त्यांत चालू असलेली ती एकच गिरणी. दुसरीची मोटर जळून महिना झाला होता. मनात एकच चित्र उभं राहिलं: वरचं जातं गरगर फिरतंय, खाली छर्रा येतोय, आणि दगडाचे दोन तुकडे. मग रोजगार हमीवरून दमून आलेल्या बाया रिकामे डबे घेऊन माझ्या दाराशी.

मी चप्पलसुद्धा घातली नाही. डांबर पायाला चिकटत होतं, मी पळत होतो.

गिरणीचा आवाज लांबूनच आला. चालू होती, म्हणजे अजून फुटली नव्हती. क्षणभर जीव भांड्यात पडला. आत शिरलो तर बायांची रांग, पिठाचा धूर, आणि गिरणीच्या तोंडाशी गिरणीवाले मामू. अख्खी वस्ती त्यांना मामूच म्हणायची. त्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या. त्यांच्या हातात आमचा डबा. अर्धा ओतून झालेला.

“मामू, थांबा!” मी ओरडलो. गिरणीत ओरडलेलं कुणाला ऐकू जात नाही. मी त्यांचा हात धरला. मामूंनी खटका पाडला. पट्टा फडफडत थांबला. जी शांतता झाली तिच्यात वीसेक बाया एकदम माझ्याकडं वळल्या.

“क्या हुआ मियाँ? घर में आग लगी क्या?”

“मामू, ज्वारीत छर्रे हायेत.”

मामूंनी डोळे बारीक केले. मग वाकून, गिरणीच्या नरसाळ्यात हात घालून त्यांनी तारेला बांधलेला एक काळा गोल बाहेर ओढला. जुन्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक. त्याला खिळे, टाचणी, ब्लेडचा तुकडा, आणि द्राक्षाच्या घोसासारखे लगडलेले माझे छर्रे.

“ये तुम्हारे हैं? मैं बोला, नया जिल्हा हुआ तो सरकार अब जवारी में लोहा भी देने लगी.”

बाया हसल्या. मी ते एकेक सोडवून मोजले. चुंबकावर सात. डब्यात उरलेली ज्वारी मी जमिनीवर बसून चाळायला लागलो, एकेक मूठ. रांगेतली एक म्हातारी पुढं वाकली आणि नाकाला पदर लावला.

“आगं बया, ह्या पिठाला रॉकेलचा वास यायलाय की!”

मामूंनी पिठाची चिमूट नाकाशी नेली. “या अल्ला. मिट्टी का तेल कायकू डाले?”

“धुतले होते छर्रे…”

“म्हंजी आता माझ्या पिठालाबी यायचा वास,” म्हातारी म्हणाली, कारण पुढचा नंबर तिचा होता. “मेल्या, आधीच रेशनची लाल ज्वारी घशाखाली उतरंना, त्यात तुजं रॉकेल!”

डब्यातून तेरा निघाले. सात आणि तेरा, वीस. पुन्हा मोजले. वीस. मुठीतले जमिनीवर मांडून दहा-दहाच्या दोन ओळी केल्या. वीसच.

“कितने थे?” मामूंनी विचारलं.

“बावीस.”

“गिने थे?”

इथं मी खरं बोलायला हवं होतं. खरं उत्तर ‘नाही’ होतं. पण वीस बायांसमोर, आयटीआयच्या फिटरनं? “बावीसच असतात, मामू,” मी म्हणालो. “दोन आत गेले.”

मामूंच्या चेहऱ्यावरचं हसू पिठासारखं झटकलं गेलं. त्यांनी वर टांगलेल्या घड्याळाकडं पाहिलं. लाइट जायला पाऊण तास. दोन पोलादी छर्रे दगडांत असतील तर गिरणी चालू करणं म्हणजे दगड गमावणं. नवा दगड यायला पंधरा दिवस.  मामूंनी पाना घेतला आणि ते नट सोडायला लागले. मला खुणेनं बोलावलं. वरचं जातं उचलायला दोन माणसं लागतात, आणि दुसरा माणूस आता मी होतो. माझी पाठ तिथं जी कटकन वाजली, ती अजून पावसाळ्यात वाजते. दुष्काळात वाजत नाही, एवढं बरं.

जातं उघडलं. दगडांवर टाकी लावून पाडलेल्या खाचांत पीठ भरलेलं. मामूंनी ब्रश फिरवला, मी बोटं फिरवली, म्हातारीनं स्वतः येऊन डोळे लावले. काही नव्हतं. ओरखडा नव्हता, ठिणगीचा डाग नव्हता, छर्रा नव्हता. पिठाची पोती उपसली. नाही. दगड परत बसवला, नट आवळले, खटका दाबला.

गिरणी हलली नाही. पाच वाजले होते. लाइट गेली होती.

रांगेतल्या बायांनी आपापले डबे उचलले. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दिवसभर माती वाहिलेल्या बाया, आणि आता संध्याकाळी काय, भरडा शिजवायचा? एकजण जाता जाता एवढंच म्हणाली, “नर्सबाईचा भाऊ हाय, म्हणून जाऊ द्या.” ते वाक्य माझ्या तोंडावर बसलं.

मामू हात पुसत म्हणाले, “अगले इतवार दगड को टाकी लगाना है. तुम आना. मुफ्त में सिखाता.” तीच माझी शिक्षा. नंतर दोन महिने दर रविवारी छिन्नी घेऊन त्यांच्या दगडांना टाकी लावत होतो, आणि आयटीआयपेक्षा तिथं जास्त शिकलो.

घरी आलो तेव्हा अक्का घागरी उतरवून ओट्यावर बसली होती. समोर सायकल पाय वर करून पडलेली. मी मुठीतले वीस छर्रे तिला दाखवले आणि काय झालं ते सांगितलं. दोन कमी आहेत, दुकान आता बंद झालंय, उद्या निघायच्या आत उघडणार नाही, वाटी पूर्ण भरणार नाही, सायकल वाटेत दगा देऊ शकते. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. अक्का रागावली नाही. साहेबांचं, ऑर्डरचं, कशाचंच नाव काढलं नाही. घागरीवरची ओली फडकी पिळून पिळून ती दोरीवर टाकत होती, पाणी संपलं तरी पिळत होती.

आई चुलीपाशी शेवटची बाटली धूत होती. खळ् खळ् खळ्.

हा आवाज मी दुपारीही ऐकला होता. सहा महिने ऐकत होतो. पण या वेळी मी कान दिला. राखेचा आवाज असा होत नाही. खड्याचाही असा होत नाही.

“माय, बाटलीत काय टाकलंय?”

“छर्रे,” आई म्हणाली.

“कुठले छर्रे?”

“दिवाळीच्या सडा-सारवणात घावले अंगणात. दोन हायेत. राखंसंगं टाकले की बाटली कशी चकचकीत निघती, घोटभर पाण्यात. का? तुजे हायेत का?”

तिनं बाटली उलटी केली. तिच्या तळव्यावर ते दोन पडले. माझ्या वीसपेक्षा जास्त चमकत होते. सहा महिने रोज राखेनं घासले गेलेले.

ते दोन मी माझ्या विसांत मिळवले. आज दुपारी मी बावीस नव्हे, वीसच छर्रे काढले होते. दिवाळीत सायकल उघडली तेव्हा दोन माझ्या हातून सांडले, मी न मोजता वाट्या बंद केल्या, आणि तेव्हापासून ती वाजत होती. जे दुखणं बरं करायला आज ही सगळी वस्ती उपाशी ठेवली, ते दुखणं मीच लावलं होतं. आणि गिरणीचा दगड उघडला तो मुळात न हरवलेल्या छर्ऱ्यांसाठी.

मी अक्काकडं बघितलं. ती फडकी सोडून माझ्याकडंच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही नवल नव्हतं.

“तुला माहीत होतं?”

“छर्ऱ्याचं न्हाई. पण तू दिवाळीत खोलल्यापास्नंच वाजून राहिली ना ती.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तू लई हौसेनं केलं होतंस,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “आज तू खोलतो म्हणालास, तव्हाच मी ठरवलं, सकाळी चारला पायी निघायचं. चपलेला अंगठा लावून आणलाय, बघ.”

दाराआड चप्पल होती. नवा अंगठा. सहा महिने, रोज सोळा किलोमीटर, तिनं माझ्या हुशारीवर पायडल मारले होते, माझं मन मोडू नये म्हणून. गिरणीतल्या शिव्या न मिळाल्याचं दुःख त्यापुढं काहीच नव्हतं.

उजेड होता तोवर मी बावीसही छर्रे ग्रीसमध्ये बसवले. या वेळी मोठ्यानं मोजत. अकरा डावीकडं, अकरा उजवीकडं. अक्का शेजारी बसून माझ्याबरोबर मोजत होती. आठाला तिनं मला थांबवलं आणि पुन्हा एकपासून सुरू करायला लावलं. वाटी आवळली, कॉटर ठोकल्या, सायकल सरळ केली, पायडल हातानं फिरवलं. आवाज नाही. मला खरं वाटेना म्हणून कान लावला. अक्कानंही लावला.

“अक्का, जाशील ना हिच्यावर?”

“जाईन,” ती म्हणाली. “पण तू चालवायची. मी मागं बसते. मोडली तर तू ढकल, मी पळते.”

सकाळी साडेसहाला निघालो. अक्का मागं कॅरिअरवर, मांडीवर पावडरची पिशवी, पायात चढवलेली ती अंगठा लावलेली चप्पल. वाटेत मी रस्ता बघितलाच नाही. दर पायडलला ‘कट’ची वाट बघत होतो, आणि तो आवाज येईना. माळावर एक झाड नाही, वारा नाही, चेन सोडून कशाचा आवाज नाही. मधल्या चढावर मला रडू आलं. घाम पुसतोय असं दाखवलं.

“पुसू नको, हँडल धर,” मागून आवाज आला.

सव्वासातला पोचलो. टँकर आलेला नव्हता. अक्कानं पिशवी विहिरीच्या कठड्यावर ठेवली, केस नीट केले. मग टँकर आला, मागून धुळीत जीप. साहेब उतरले, घड्याळ बघितलं, अक्काकडं बघितलं. पाणी धो धो खाली पडायला लागलं, अक्कानं बादलीत पावडर कालवली, विहिरीत सोडली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मी घामानं भिजलेला, सायकल धरून, कोपरापर्यंत ग्रीस.

“हे कोण?”

“मेस्त्री,” अक्का म्हणाली. “सायकलीसंगं ठेवावा लागतो.”

साहेबांना हसू आलं की नाही ते दिसलं नाही, पण ऑर्डर त्या महिन्याच्या शेवटी आली. ती पुढं कायमची झाली.

परतीला सायकल अक्कापाशी ठेवली आणि आठ किलोमीटर पायी निघालो. निम्म्या वाटेवर कोरडा ओढा लागतो. सकाळी निघताना आई म्हणाली होती, “आता बाटली कशानं धुवू म्या?” ओढ्याच्या पात्रात बसून मी खडे निवडायला लागलो. गोल, गुळगुळीत, बाटलीच्या तोंडातून जातील असे. दोन घेतले. मोजले. पुन्हा मोजले.

आईनं ते बाटलीत टाकले, राख घातली, कानाशी धरून हलवून बघितलं.

“आवाज बराय,” ती म्हणाली. “सायकलीत घालू नको म्हंजी झालं.”